कोळसा, मुलतानी माती आणि आपली जीवदया



गेल्या आठवड्यात आपल्या स्वाध्यायाच्या गटावर एका वहिनींनी विचारले, "आमच्या सशाला पातळ होतंय, काय द्यावं?" अर्ध्या तासात चौदा उत्तरे आली. मी मोजली. कोळशाची पूड द्या म्हणणाऱ्या पाच, मुलतानी माती पाण्यात कालवून पाजा म्हणणाऱ्या तीन, ताक सुचवणाऱ्या दोघी. उरलेल्या चौघींनी लिहिले की काहीच देऊ नका, एक दिवस उपवास घडवा, पोट आपोआप साफ होईल. या शेवटच्या उत्तराला सगळ्यांत जास्त जोडलेले हात मिळाले.

सशाने काय खाल्ले, आधी कुठले औषध चालू होते, तो लेंड्या टाकतोय की नाही, हे एकीनेही विचारले नाही. मी हे रागाने लिहिते आहे आणि राग लपवणार नाही. अशाच उत्तरांपायी मागच्या श्रावणात आमचा भुऱ्या जाता जाता राहिला. आणि त्यातली पहिली चूक माझ्याच हातची होती, तेव्हा कोणाला शिकवण्याआधी तीच सांगते.

भुऱ्या आमच्याकडे आला दशलक्षण पर्वात. बाजारात पिंजऱ्यात कोंबलेले ससे पाहून नातीने रडून गोंधळ घातला आणि आम्ही एक 'सोडवून' आणला. मी बी.कॉम. झालेली बाई, मला त्याच वेळी कळायला हवे होते की आपण दिलेल्या पैशांतून विकणारा पुढच्या आठवड्यात आणखी दोन आणणार. पण ते राहू दे, तो वेगळा लेख होईल. पिंजऱ्याची तळाची जाळी तारेची होती. वर्षभराने त्याच्या मागच्या पायाचा तळवा सोलवटला, लाल झाला. घरात नातवाच्या घशासाठी आणलेले अमॉक्सिसिलिनचे सरबत अर्धे उरले होते. लहान मुलाला चालते ते एवढ्याशा जिवाला चालेलच, थोडे कमी देऊ, असा मी विचार केला. औषधाच्या दुकानात विचारले, तिथेही 'चालेल की' म्हणाले. दोन दिवस दिले. तिसऱ्या दिवशी त्याची शेपटी ओली, खाली पाण्यासारखे पातळ, कान थंड, आणि कोथिंबीर पुढे केली तर तोंड फिरवले.

मग मीही तेच केले जे वहिनींनी केले. गटावर विचारले. आणि तीच उत्तरे आली.

आता ही सगळी 'विष शोषणारी' औषधे नेमके काय करतात ते समजून घेऊ, कारण भांडण तिथेच आहे. कोळसा, माती, आणि तिसरे एक औषध ज्याचे नाव त्या चौदा उत्तरांत एकदाही आले नाही, हे तिन्ही आतड्यातून फक्त जातात. ते रक्तात शिरत नाहीत. आतड्यात जे विष मोकळे फिरते आहे ते त्यांना चिकटते आणि लेंडीबरोबर बाहेर पडते. जे विष आधीच रक्तात गेले, यकृतात बसले, त्याला यातले एकही थेट हात लावू शकत नाही. म्हणजे 'सगळे शरीर शुद्ध होते' हे वाक्य सशाच्या बाबतीत खोटे आहे. आपल्या बाबतीतही खोटेच आहे, पण आपण निदान स्वतःच्या मर्जीने पितो.

दुसरे असे की प्रत्येक पावडरीला प्रत्येक विष चिकटत नाही. लोहचुंबकाने सोने उचलत नाही, इतकी साधी गोष्ट आहे.

कोळशाचे आधी घेऊ. औषधाचा कोळसा म्हणजे ॲक्टिव्हेटेड चारकोल. चुलीतला किंवा शेगडीतला नव्हे. नारळाची करवंटी किंवा लाकूड जाळून, मग खास प्रक्रिया करून त्याला असंख्य बारीक छिद्रे पाडतात, त्या छिद्रांत विष अडकते. सशाने बागेतली कण्हेर कुरतडली, फवारलेली भाजी खाल्ली, आणि हे तासा-दोन तासांत लक्षात आले, तर डॉक्टर कोळसा देतात आणि त्याचा उपयोग होतो. ससा उलटी करूच शकत नाही, त्याच्या शरीराची ठेवणच तशी आहे. म्हणून आत गेलेले आतच अडवण्याला त्याच्या बाबतीत जास्त महत्त्व. पण पिंजऱ्याचा जुना रंग चाटून शिसे पोटात गेले असेल तर कोळसा निरुपयोगी, कारण शिसे त्याला धरत नाही. त्यासाठी वेगळे इंजेक्शन असते. शिवाय कोळसा आंधळा असतो. विष शोषतो तसे दिलेले औषधही शोषतो. एकीकडे डॉक्टरांचे औषध आणि दुसरीकडे आपला घरगुती कोळसा असे चालू ठेवले तर दोन्ही वाया. आणि पिचकारीने घाईघाईत पाजताना तो काळा घोळ श्वासनळीत गेला तर ससा विषाने नव्हे, आपल्या हाताने मरतो.

जाता जाता एक सांगते. कोळशाच्या कॅप्सूल मिळतात, त्यांचे वरचे कवच बहुधा जिलेटिनचे असते. जिलेटिन म्हणजे जनावरांची हाडे आणि कातडी. बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका चष्मा लावून शोधणाऱ्या आपण, औषधाच्या पाकिटावर तो शोधत नाही.

आता माती. बेंटोनाइट नावाची माती आणि तिच्या जातीच्या इतर माती कोंबड्यांच्या व गुरांच्या खाद्यात घालतात, 'टॉक्सिन बाइंडर' म्हणून. ती मुख्यतः अफ्लाटॉक्सिनला धरते. बुरशी लागलेला मका, शेंगदाणा, शेंगदाण्याची पेंड यांत हे विष तयार होते आणि यकृत खराब करते. ससे या विषाला फार नाजूक असतात. मग माती चांगली की नाही? खाद्यात मिसळलेली असली तर ती विष शोषले जाण्याआधी अडवते, म्हणजे तिचे काम राखणदाराचे आहे. ससा आजारी पडल्यावर पिचकारीने माती पाजणे म्हणजे चोरी झाल्यावर दाराला कडी घालणे. बुरशीची इतर कितीतरी विषे आहेत, त्यांतली बरीचशी या मातीला नीट चिकटतही नाहीत. आणि तुम्ही डब्यातून काढता ती मुलतानी माती तोंडाला लावायची आहे. तिच्यात गुलाबाचा वास आहे, आणखी काय आहे ते पाकिटावर नाही. सशाचे आतडे मंदावलेले असताना त्यात ओला चिखल घातला तर तो तिथेच बसतो.

एका अक्कांनी मला खाजगीत विचारले, माती म्हणजे पृथ्वीकाय, मग ती सशाला देण्यात दोष नाही का? अक्का, दोष मोजायचाच तर त्याआधी पिंजऱ्यातल्या पंचेंद्रिय जिवाचा मोजूया.

ताकाबद्दल एवढेच की ते विष शोषत नाही आणि मोठ्या सशाच्या पोटाला दुधाचे पदार्थ मानवत नाहीत.

भुऱ्याला मी कोळसा पाजायला घेतला होता. दोन थेंब गेले असतील. हे म्हणाले, "आधी डॉक्टरला फोन तरी कर." ससे पाहणाऱ्या डॉक्टरबाई आमच्या गावात नाहीत, तासाभरावर आहेत. त्यांनी फोनवर पहिला प्रश्न केला, "अँटिबायोटिक दिलंय का कुठलं?" मी नाव सांगितले. त्या क्षणभर गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "आत्ता निघा. टोपलीत गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवा."

त्यांनी समजावले ते असे. सशाच्या पोटात सीकम म्हणून एक भले मोठे आंधळे आतडे असते. तिथे कोट्यवधी चांगले जंतू गवत आंबवतात, त्यावरच तो जगतो. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन ही औषधे तोंडावाटे गेली की ते चांगले जंतू मरतात, आणि क्लॉस्ट्रिडियम जातीचे वाईट जंतू माजतात. त्यांतला क्लॉस्ट्रिडियम स्पायरोफॉर्मे जे विष सोडतो ते आतड्याचे अस्तर खाते. ससा एक-दोन दिवसांतही जातो. म्हणजे विष बाहेरून आलेच नव्हते. ते मी दिलेल्या औषधाने त्याच्याच पोटात तयार होत होते. कोळसा शोधत होता न खाल्लेली कण्हेर, आणि माती शोधत होती न लागलेली बुरशी. माणसाच्या बाळाला तारणारे सरबत सशाला मारते, हे मला साठी ओलांडल्यावर कळले.

अशा वेळी उपयोगी पडू शकते ते तिसरे औषध म्हणजे कोलेस्टायरामिन. माणसाचे कोलेस्टेरॉल उतरवायला ते निघाले. ती एक कृत्रिम राळ आहे, बारीक दाण्यांची पूड, प्राण्यांचे त्यात काही नाही. आतड्यात ती पित्ताम्ले धरून ठेवते, आणि क्लॉस्ट्रिडियमचे हे विषही धरते. पण मैत्रिणींनो, आता नवे नाव मिळाले म्हणून तेही उचलून पाजू नका. ते पाणी ओढते, म्हणून भरपूर पाण्यातून द्यावे लागते आणि सशाच्या अंगात पाणी असावे लागते, नाहीतर आतच घट्ट होऊन बसते. तेही इतर औषधे धरते, म्हणून दोन्हींत काही तासांचे अंतर ठेवतात. माणसांच्या पुडीतली सगळीच पूड औषध नसते, उरलेली साखर किंवा गोडी आणणारा पदार्थ असतो. पुडीचे वजन धरून हिशोब केला तर तो चुकतो. मी मात्रा मुद्दाम लिहीत नाही. लिहिली की कोणीतरी उद्याच चमच्याने मोजणार, हे मला माहीत आहे.

भुऱ्याला डॉक्टरबाईंनी आधी कातडीखाली सलाइन दिले, ऊब दिली, वेदनेचे औषध दिले, ते सरबत अर्थातच बंद केले, आणि मग कोलेस्टायरामिन. पायासाठी सशाला चालणारे दुसरे औषध नंतर सुरू केले. चौथ्या दिवशी त्याने हरळीची काडी ओढली. मी देवघरात न जाता तिथेच फरशीवर बसून णमोकार म्हटला. तो वाचला, पण तो कोलेस्टायरामिनने वाचला असे मी छाती ठोकून सांगणार नाही. सलाइन होते, ऊब होती, सून रात्री दर दोन तासांनी उठून गवताच्या पुडीची पेज भरवत होती. कशाच्या खात्यावर किती जमा करायचे, ते मला सांगता येत नाही.

आता त्या उपवासाकडे येते. हे लिहिल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

सशाचे आतडे सतत चालते राहावे लागते. माणसासारखे त्याला रिकामे राहून 'विश्रांती' मिळत नाही. खाणे थांबले की आतडे थांबते, वायू साचतो, पोट दुखते म्हणून तो आणखी खात नाही, आणि अंगातली चरबी यकृतात जाऊन साठू लागते. अर्धा दिवस काही न खाल्लेला ससा म्हणजे धावपळ करायची वेळ. तो आपल्याच मऊ लेंड्या परत खातो, त्यातून त्याला जीवनसत्त्वे मिळतात. तीही घाण म्हणून काढून टाकणाऱ्या बायका मला माहीत आहेत.

आपल्याकडे उपवास प्रत्याख्यान घेऊन होतो. करणाऱ्याची इच्छा असते, शक्ती पाहिली जाते, गुरूंची आज्ञा असते. ज्याने प्रत्याख्यान घेतलेले नाही त्याला अन्न न देणे म्हणजे उपवास नव्हे. त्याला आपल्या शास्त्रात वेगळे नाव आहे आणि ते नाव आपण सगळ्यांनी पाठशाळेत पाठ केले आहे. अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार आठवा: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बांधून ठेवणे पहिले, अन्नपाणी अडवणे पाचवे. तारेच्या पिंजऱ्यात ठेवून उपाशी ठेवलेल्या सशाच्या बाबतीत आपण पहिला आणि पाचवा दोन्ही केले, आणि त्यावर हात जोडलेली चित्रे टाकली.

'पण आमचा हेतू चांगला होता' असे उत्तर येणार, ते मला आत्ताच ऐकू येते आहे. माझाही होता. उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना बोट ठेवले ते प्रमादावर, म्हणजे बेसावधपणावर. आणि सावधपणा म्हणजे डोळे ओले करणे नव्हे, विचारपूस करणे. उरलेले सरबत पाजताना मी प्रेमाने भरलेली होते आणि पूर्ण प्रमादात होते.

सगळ्यांत जास्त राग कशाचा येतो सांगू? चातुर्मासात आपण धान्य दोनदा शोधतो, पिठाची मुदत मोजतो, ओल आलेला डाळीचा डबा उन्हात टाकतो, बुरशीचा वास आला तर पापड टाकून देतो. आणि सशाच्या खाद्याचे पोते मागच्या पडवीत तोंड उघडे, ओल्या भिंतीला टेकलेले. त्यात मका असतो, पेंड असते, श्रावणातली हवा असते. तिथे बुरशी होऊ द्यायची आणि मग 'विष शोषणारी' माती शोधत गटावर यायचे. ते पोते फेकणे हे त्या विषावरचे पहिले औषध आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. थोडे थोडे खाद्य आणा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, दळणाच्या डब्याइतकेच त्याकडे बघा. खाद्य कमी, वाळलेले गवत भरपूर, हेच त्याचे जेवण. चातुर्मासात घरात पालेभाजी येत नाही म्हणून त्याला चिवडा, बिस्किट, पोळी घालू नका. त्याला हरळी खुडून आणा, त्याने पालेभाजी सोडलेली नाही. आणि 'आमच्याकडे कंदमूळ नाही, बिचाऱ्याला गाजर मिळत नाही' ही खंत सोडा. गाजर गोड असते, ते न मिळाल्याने सशाचे काहीही बिघडत नाही. आपल्या एका नियमाचा त्याला आयता फायदाच झाला आहे.

एक प्रश्न उरतो आणि तो मी टाळू शकत नाही, कारण तो विचारणाऱ्या ताईंबद्दल मला आदर आहे. कोलेस्टायरामिन सशाला उपयोगी पडते हे कळले कसे? 1990 नंतरच्या पहिल्या वर्षांत संशोधकांनी प्रयोगशाळेतल्या सशांना मुद्दाम क्लिंडामायसिन दिले. काहींना सोबत कोलेस्टायरामिन दिले, काहींना नुसते पाणी. औषध मिळालेले वाचले, नुसते पाणी मिळालेल्यांत मृत्यू झाले. ताईंचे म्हणणे असे की या ज्ञानाला रक्त लागलेले आहे, श्रावकाने ते वापरू नये.

यात एक गोष्ट आधी नोंदवते. त्या प्रयोगात औषध सुरुवातीपासून बरोबरीने दिले होते, आजार पडल्यावर नव्हे. त्यामुळे ते माझ्यासारखीने तिसऱ्या दिवशी धावत जाण्याला पूर्ण लागू होत नाही. डॉक्टरबाईंनीही हे सांगितले होते.

पण ताईंच्या मूळ मुद्द्याचे काय? मला माहीत आहे की ते ससे कोणी मारले ते मी मारले नाहीत, असे म्हणून हात झटकता येत नाहीत. सशांच्या डोळ्यांत रसायने घालून तपासलेली सौंदर्यप्रसाधने आपण सोडली. 2014 मध्ये आपल्या देशाने अशा चाचण्यांवर आणि अशा मालाच्या आयातीवर बंदी आणली तेव्हा मला मनापासून बरे वाटले होते. तरीही भुऱ्याला औषध मी दिले आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा देईन. लिपस्टिकशिवाय कोणी मरत नाही. आणि ताई, तुमची बीपीची गोळी, माझी थायरॉइडची गोळी, ही औषधेसुद्धा प्राण्यांवरच तपासली गेली. त्या गोळीला आपण हा प्रश्न कधी विचारला नाही. सशाची पाळी आली तेव्हाच आपले व्रत इतके कडक कसे झाले? आपल्यासाठी सूट आणि मुक्या जिवासाठी नियम, हे मला मान्य नाही. गृहस्थाने सांकल्पिक हिंसा सोडायची असते. आजारी जिवाला पाजलेली पुडी त्यात बसत नाही असे माझे मत आहे. त्या प्रयोगातल्या सशांसाठी मी आलोचना केली. त्याने हिशोब मिटला असे मी म्हणत नाही.

वहिनींचा ससा आता कसा आहे, असे काहींनी विचारले. त्याला अँटिबायोटिक दिलेच नव्हते. पोते पाहिले तर तळाला हिरवट-काळी बुरशी निघाली. पोते फेकले, त्याच दिवशी डॉक्टरकडे नेले, सलाइन आणि यकृताची औषधे चालू आहेत. तो थोडे गवत खातोय. इथे कोलेस्टायरामिन लिहून दिले नाही, कोळसाही नाही, आणि वहिनींनी हट्टही केला नाही.

चौघींनी उपवासाचे उत्तर लिहिले होते त्यांनी ते गटावरून काढून टाकावे, अशी विनंती आहे. पुढच्या वेळी कोणी रात्री अकराला घाबरून शोधेल तेव्हा तेच पहिले दिसेल. आणि अक्का, तुमच्या सुनेकडच्या पिंजऱ्याची तारेची जाळी काढून खाली फळी आणि गवत टाकले का, ते कळवा. नसेल तर आमच्याकडे एक फळी उरली आहे, रविवारी पाठवते.